चौथी चिठ्ठी

बिझनेसच्या डिग्रीसाठी अमेरिकेतल्या तीन कॉलेजांनी हिरामणला घेतलं होतं. एकाचं नाव मोठं, तर दुसऱ्याची फी कमी. त्याचं काही केल्या ठरेना. "चाल, देवलेच इचारूत," म्हणत तानुबाई लेकाला घेऊन पद्मालयाच्या गणपतीला आली. घरात माणसं ती दोनच.

हिरामणनं तीन चिठ्ठ्यांवर तीन नावं लिहिली. तो पाय धुवायला गेला, तेवढ्यात तिनं पदराच्या गाठीतली चौथी चिठ्ठी त्यांत मिसळली. 'जाऊ नको' असं तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती कोरीच होती. देवाला कळायचं ते कळणार होतं.

गणपतीपुढची एक चिठ्ठी उचलून हिरामण आईकडे वळला आणि त्यानं ती उलगडली. मग म्हणाला, "ओहायोचं कॉलेज निघालं, माय."

त्याच्यामागं समई तेवत होती. पातळ कागद तानुबाईला आरपार दिसत होता. त्यावर शाईचा ठिपकासुद्धा नव्हता.

तिनं देवाला हात जोडले.

"तठे थंडी भलती शे का रे, भाऊ?" तिनं लेकाला विचारलं.