फोटोतला भाऊ

"तुमचे बंधू कधी वारले?" मुख्याध्यापिकाबाईंनी आवाज जमेल तितका हळवा करून विचारलं.

पोस्टमास्तर गोंधळले. निवृत्त होऊनही गाव त्यांना पोस्टमास्तरच म्हणे, आणि तेही अजून अंगाला इस्त्री केल्यासारखे ताठ चालत. "मला भाऊच नाही," ते म्हणाले.

बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. शाळेच्या अमृतमहोत्सवासाठी जुने फोटो पुसून टांगले होते. त्यातला सगळ्यात लांबडा, फळ्याएवढा, पोस्टमास्तरांच्या मॅट्रिकच्या वर्षीचा. अख्खी शाळा मैदानावर अर्धगोलात उभी. डाव्या टोकाला पोस्टमास्तर, चापून भांग पाडलेले, ओठ मिटलेले. उजव्या टोकालाही पोस्टमास्तर, केस उडालेले, बटणं उघडी, तोंडभर हसणारे.

"दोन्ही मीच. कॅमेरा फिरता होता. किल्ली दिली की डावीकडून उजवीकडे सावकाश वळायचा. माझा फोटो निघाल्याबरोबर मी रांगांच्या मागून धावत दुसऱ्या टोकाला गेलो."

"तुम्ही? धावत?" बाईंनी त्यांच्या कडक कॉलरकडे पाहिलं.

"जुळे होते ते," कवायतीचे म्हातारे मास्तर काठी आपटत म्हणाले. "एकाला छडी मारली की दुसरा कळवळायचा. मी स्वतः मारलंय ना दोघांना!"

बाकावर शेजारी बसणारा वर्गमित्र आता दातांचा डॉक्टर होता. त्याचे डोळे भरून आले. "तुझा भाऊ फार गोड होता रे. शाळेच्या घंटेच्या लोलकाला मोजा घातला त्यानं. दिवसभर तास संपेना."

"अरे, तो मोजा माझा होता!"

"तेच तर. तुझा पळवला त्यानं."

दुपारपर्यंत भावानं तीन सामने जिंकले, एका मास्तरांची सायकल झाडावर चढवली आणि पुरात उडी घेऊन कुणाला तरी वाचवताना प्राणही सोडला. कार्यक्रमात त्याच्यासाठी मौन पाळायचं ठरलं. आता पोस्टमास्तरांनाही शंका येऊ लागली. आईनं आपल्यापासून काही लपवलं तर नसेल?

शेवटी त्यांनी बायकोला हाताला धरून फोटोसमोर उभं केलं. ती त्याच वर्गातली. "आता तूच सांग यांना. धडधडीत जिवंत माणसासाठी मौन पाळायला निघालेत!"

तिनं चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं. मग उजव्या टोकावर बोट टेकवलं.

"मी लग्नाला होकार दिला तो ह्याला," ती म्हणाली. "नंतर फारसा दिसला नाही."

कोणी हसलं नाही. बाईंनी रुमाल काढला.

बाहेर छायाचित्रकार हाका मारत होता. तोच जुना कॅमेरा त्यानं दुरुस्त करून आणला होता. सगळे अर्धगोलात उभे राहिले. पोस्टमास्तर डाव्या टोकाला, शेजारी बायको. किल्ली फिरली, कॅमेरा घरघरला, दोघांवरून पुढे सरकला.

पोस्टमास्तरांनी कॉलरचं बटण काढलं. मग दुसरं. चपला काढून बायकोच्या हातात दिल्या.

"धर," ते म्हणाले. "त्याला घेऊन येतो."