मावशीचा खोकला

मुलाची बदली जयपूरला झाल्यापासून रत्नमालाबाई नातीला, अक्षदाला, सांभाळायला तिथल्या विद्याधर नगरात राहत होत्या. त्यांचा भाचा संकल्प लहानपणापासून इथलाच. खोकल्याच्या आवाजावरून क्षयरोग ओळखणारं अ‍ॅप त्याने तयार केलं होतं. एकदा सहज त्याने मावशीचा खोकला मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि अ‍ॅपने क्षय असल्याचं सांगितलं. थुंकीच्या तपासणीतही तेच निघालं.

"मग उद्यापासूनच गोळ्या सुरू करते बाई," रत्नमालाबाई घाबरून म्हणाल्या.

"थोडं थांब ना मावशी. मतलब, परदेशातले फंडिंगवाले येऊन जाईपर्यंत. गोळ्यांनी खोकला थांबला, तर त्यांना ऐकवू काय? गरीब देशांतले लाखो लोक वाचतील यातून."

लाखो लोकांपुढे आपलं काय एवढं, असं म्हणून त्या थांबल्या. पाहुण्यांचं येणं दोनदा लांबलं. अखेर संकल्पच्या सीतापुऱ्यातल्या ऑफिसात त्या सगळ्यांसमोर खोकल्या. रुमालाला रक्त लागलं. मोबाइलच्या पडद्यावर अचूक निदान उमटलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

पैसे मंजूर झाल्यावर संकल्प घेवर मिठाईचा डबा घेऊन मावशीच्या घरी आला, तर मावशी दारातच रडत उभी.

"अरे, अक्षदा पण खोकतेय रे! अगदी माझ्यासारखी!"

संकल्पने डबा खाली ठेवला आणि घाईघाईने खिशातून मोबाइल काढला.



"तिला अजून औषध नाही ना दिलंस, मावशी? लहान मुलांचा एकही नमुना नाही आमच्याकडे."