यंदाची जकात

"तुमच्यावर यंदा जकात निघत नाही, सर," मौलाना म्हणाले.

दुसरा कोणी असता तर सुटलो म्हणाला असता. सैफुद्दीन सरांनी हिशेबाचा कागद पुन्हा मौलानांपुढं सरकवला.

दर रमजानला त्यांची जकात, वर्षभर टिकलेल्या शिलकीतला गरजूंसाठी काढायचा चाळिसावा हिस्सा, शिरपूरला जाई, विधवा बहिणीकडे, ताजबीकडे. त्यात पदरचं घालून भाचीचं, यूसराचं, नर्सिंग चाललं होतं. शेवटच्या वर्षाची फी उद्यापर्यंत भरायची होती.

"पुन्हा एकदा पाहा."

मौलानांनी पाहिलं. जकात लागायची तर शिल्लक ठरावीक वजनाच्या चांदीच्या भावाइतकी तरी हवी. तिकडे कुठं लढाई पेटली, इकडे चांदी भडकली. चांदी वर, रेषा वर. सर रेषेच्या खाली.

सरकारची रेषा मात्र जागची हलली नव्हती. लढाईनं तेल महागलं, गॅस महागला, म्हणून महागाई भत्ता वाढला. भत्त्यानं पगार फुगला आणि कराच्या रेषेपलीकडं गेला. पिशवी तीच, किराणा कमी. सरांच्या मंगरूळपीरच्या शाळेतल्या राजपाल बाबूनं वर्षाचा आयकर फेब्रुवारीच्या पगारातून एकदम कापला. घर चालवायला शिल्लक मोडावी लागली. राजपालनं वर टोमणाही मारला होता, "पार्टी द्या सर. तुमी आता मोठ्या लोकायत बसले."

मोठ्या लोकायत.

शिरपूरच्या बसमध्ये सर वाक्य जुळवत राहिले. ताजबी, यंदा... मोडलं. पतसंस्थेतून उचलतो, पण... तेही मोडलं. खिडकीबाहेर हरभऱ्याची काढलेली रानं. ताजबी, तू रागावू नको... नाही. ती रागावत नसे, हीच तर पंचाईत होती.

भाईचा चेहरा पाहून ताजबीनं शिलाई मशीन थांबवली. सरांनी खाली पाहत, एका दमात, सगळं सांगून टाकलं. आयकर, चांदी, मौलाना. फीचं उद्या सकाळीच पतसंस्थेत पाहतो म्हणाले.

ताजबीनं हातातलं कापड बाजूला ठेवलं. मग म्हणाली, फी कालच भरली.

मागच्या ईदनंतर सोनं चढलं, तेव्हाच तिनं अम्मीच्या बांगड्या मोडल्या होत्या. भाईवर भार तरी किती वर्षं टाकायचा. आधी सांगितलं असतं तर त्यांनी मोडूच दिल्या नसत्या. फी जाऊनही बराच पैसा उरला होता, त्याला आता वर्ष होत आलं होतं.

सरांचा जीव भांड्यात पडला. ताजबीचं मात्र संपलं नव्हतं.

"म्हणजे भाई, तुमच्यावर खरंच जकात नाही?"

"नाही."

"मंग तर तुमाले जकात घेतली तरी चालते."

ती आत गेली. घडी केलेल्या नोटा घेऊन आली.

"यंदा माह्यावर निघाली. कालपासून इचार करून राह्यली, द्यायची कोणाले. आमचे मौलाना म्हणते, आधी नात्यातला गरजू पाहा."

सरांनी हात पुढं केला. पालथा. इतकी वर्षं देताना तो तसाच पुढं होत आला होता.

मग, हळूहळू, त्यांनी तो उताणा केला.