हं आल्याबिगर

“मी बोलायलो, बाप,” तात्याराव फोनमध्ये ओरडले आणि थांबले.

थांबणं भागच होतं. गाव ते पाथरी एकच तार, तीही म्हातारी. दोन्हीकडून एकदम बोललं की नुसती घरघर. म्हणून पोस्टमास्तर माणिकरावांनी नियम केला होता. एक वाक्य बोलायचं, पलीकडून ‘हं’ आलं की दुसरं सोडायचं. त्या काळी गावाला हा नियम इतका मानवला होता, की हापशावर भांडणाऱ्या बायकासुद्धा एक शिवी देऊन समोरच्या ‘हं’साठी थांबायच्या. पुढं घरोघरी फोन आले आणि सगळेच एकदम बोलायला लागले. पण ते पुढं.

आज औरंगाबादच्या होस्टेलातून काहीच येत नव्हतं.

लेक कस्तुरा हट्टानं नर्सिंगला गेली, तेव्हापासून बाप तिच्याशी बोलला नव्हता. आज तिच्या आईनं, सरजाबाईनं, नवऱ्याला पोस्टात आणून सोडलं होतं, आणि तो पळू नये म्हणून स्वतः दारात बसली होती.

“ठिवला का काय फोन तिनं?” रांगेतल्या किशनरावांनी विचारलं. त्यांना सेलूचा कापसाचा भाव हवा होता.

“न्हाई. श्वास यायलाय.”

“श्वास चालत न्हाई,” माणिकराव म्हणाले. “हं पायजे.”

“मग दुसरं वाक्य सोडा की तात्या!” किशनराव म्हणाले.

तात्यारावांनी रिसीव्हरवर हात ठेवला. “हं आल्याबिगर?”

किशनराव वरमले. सरपंचांनी एकदा सलग दोन वाक्यं सोडली होती. पुढच्या निवडणुकीत पडले.

तेवढ्यात पाथरीची ऑपरेटरबाई मधे बोलली. तात्यारावांचा चेहरा उतरला. “टाइम संपला म्हणती.”

“वाढवा म्हणा,” किशनराव म्हणाले. “माझा सेलूचा कॉल ऱ्हाऊ द्या. भाव काय, उद्याबी पडलेलाच असंल.”

वेळ वाढली. सरजाबाई दारातून उठून आत आली.

मग तात्यारावांनी हळूच मान हलवली.

“आलं?” अख्ख्या रांगेनं विचारलं.

“आलं. जरा वल्लं हाय.”

“चालतं,” माणिकराव म्हणाले. “पुढं.”

तात्यारावांनी तोंड उघडलं. घरून पाठ करून आणलेलं दुसरं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक. शेवटी म्हणाले, “आता तू बोल, माय.”

तिकडून काय येत होतं ते कुणालाच ऐकू आलं नाही. पोस्टात ऐकू येत होतं ते तात्यारावांचं एवढंच.

“हं.”

थोड्या वेळानं परत, “हं.”

तिसऱ्या वेळी सरजाबाईही म्हणाली. मग किशनराव. मग सगळी रांगच.