माऊसने करून पाहावे

"घाई करू नकोस. आवाज काय म्हणतो ते ऐक, आणि मग पुसायची कळ दाब," आत्या म्हणाली.

भाच्याने डोळे मिटून ऐकलं, कळ दाबली. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीमागे तो आत्याशेजारी खुर्ची ओढून बसला होता. आत्याला जन्मापासून दिसत नाही. गेली अठरा वर्षं माऊसला बोटही न लावता, नुसत्या कीबोर्डवर ती लोकांची पत्रं हातावेगळी करत आली होती. संगणक वाचून दाखवायचा, ती कळ दाबायची, की झालं काम. त्यात हा ईमेलचा प्रोग्राम भाच्याच्याच कंपनीचा. केवढं मिरवलं होतं तिने ऑफिसभर!

"काय पुसलंस?"

"जाहिरात होती ती."

"आता डोळ्यांनी बघ."

जाहिरात जागच्या जागी होती. गेलं होतं तिच्याखालचं पत्र. कुणा म्हाताऱ्याच्या घरी आठ दिवस पाणी नव्हतं. भाच्याने ते पत्र घाईघाईने परत आणलं.

"नवीन आवृत्ती आल्यापासून हे असंच. आवाज वाचतो एक आणि कळ लागते दुसऱ्यालाच. कळेपर्यंत चौदा तक्रारी गेल्या माझ्या हातून. साहेब म्हणाले, बाई, आता तुम्हाला झेपत नाही. उद्यापासून मला दाराशी बसवणार, टोकन द्यायला. अरे, टोकन द्यायला तिथे मशीन आहे! मी काय, मशीनला सोबत?"

"मग कंपनीला कळवायचं ना, आत्या!"

"कळवलं की. तुला कशाला त्रास, म्हणून ऑफिसतर्फे रीतसर कळवलं. उत्तरही आलंय, ऐक."

तिने दोन-तीन कळा दाबल्या. संगणक सपाट आवाजात बोलला, "आपली तक्रार किरकोळ स्वरूपाची आहे. कृपया माऊसने करून पाहावे."

भाच्याची कानशिलं तापली. तो शुक्रवार त्याला लख्ख आठवला. घरी जायची घाई, आणि समोर तीसेक तक्रारी. एकही धड न वाचता त्याने सगळ्यांना हेच उत्तर चिकटवलं होतं. वर शेजारच्याला हसत म्हणाला होता, "माऊस कुणाकडे नसतो रे?"

"साहेबांनाही मी हेच ऐकवलं," आत्या सांगत होती. "म्हटलं, माझीच चूक असणार. माझा भाचा आहे तिथे, ती माणसं उगाच काहीतरी लिहायची नाहीत."

आता मात्र त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड लपवायला जागा नव्हती, आणि जिच्यापासून लपवायचं तिला ते दिसतही नव्हतं.

"आत्या, ते उत्तर मी लिहिलंय."

आत्याची बोटं कळांवरच थांबली. खिडकीपलीकडे रांगेतलं कुणीतरी खाकरलं.

"चल, आत्ताच्या आत्ता साहेबांकडे जाऊ," तो घाईने म्हणाला. "मी सांगतो त्यांना सगळं."

"सांगशील. ते तर तुला सांगावंच लागेल. पण आधी ते उत्तर मला वाचून दाखव. मशीनच्या तोंडून शंभरदा ऐकलंय. तुझ्या तोंडून ऐकू दे."

तो पडद्याकडे वळला. दोनच तर वाक्यं होती. 'किरकोळ'पर्यंत आला, थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.

हात मांडीवर घेऊन, मान त्याच्याकडे जराशी कलती करून आत्या ऐकत राहिली, खिडकीशी आलेल्या कुणाही अनोळखी माणसाचं गाऱ्हाणं ऐकावं तशी.