डावं वळण

मोरोपंत वकिलांनी हौसेनं फटफटी घेतली खरी, पण वळण आलं की ती सरळ बाभळीत शिरायची. भाऊबीजेला अकोटला बायकोच्या भावाकडं याच गाडीवर जायचं ठरलेलं, त्यामुळे मागं बसणाऱ्या अनसूयाबाईंच्या जिवाला घोर लागला.

शेवटी पंतांचे दोस्त खुशालराव शिकवायला आले. "पंत, वळणाच्या आंधीच वेग कमी करा. जिकडं जायचं तिकडं पाहा, आन् गाडीसंगं आंग झुकवा. झाडाकडं पाहासान तं झाडावरच जासान!"

सराव राजापेठेच्या पल्याड, मारुतीच्या देवळाभोवती सुरू झाला. ओट्यावर पोथी घेऊन बसलेल्या अनसूयाबाईंची एकच अट होती. "अहो, देव उजव्या हातालाच राहू द्या. उलटा फेरा घालून पाप नको."

दसऱ्यापासून पंतांनी मारुतीला इतके फेरे घातले, की उजवं वळण ते झोकात घेऊ लागले. खुशालरावांनीही पाठ थोपटली.

भाऊबीजेला दोघं निघाली. गावाबाहेर पहिलं डावं वळण आलं आणि फटफटी थेट कपाशीच्या वावरात घुसली.

"घ्या! तुझ्या मारुतीनं मला डावीकडं कधी वळूच दिलं नाही," काळी माती झटकत पंत करवादले.

अंबाड्यात अडकलेला कापूस काढत अनसूयाबाई हळूच म्हणाल्या, "मारुतीला कशाला बोल लावता? आज आपण एस.टी.नं जाऊ."



"उद्यापासून महादेवाच्या देवळाला फेरे घाला," त्या पुढं म्हणाल्या. "तिथं पिंडीच्या पाण्याचा पन्हळ ओलांडत नाहीत, तिथपर्यंत जाऊन उलटंच फिरावं लागतं."