कुंपणाबाहेरचा द्रोण

"आबाजी, रिपोर्ट आला," दिव्यानी म्हणाली, आणि वारलूच्या हातातली बिडी विझली ती विझलीच.

दोन महिन्यांपूर्वी ही पोरगी गावात आली होती. वडशाची, नागपुरात शिकणारी. कोणाचं रक्त कोणाशी जुळतं ते थुंकीवरून शोधायचं, हा तिचा अभ्यास. वीसेक जणांची थुंकी तिनं नळीत भरून नेली. बाकीच्यांनी हसत खिदळत दिली. वारलूनं मात्र विचारलं होतं, "मी गोंड आहो का नाई, निघन का याच्यातून?"

त्याला ते कळायलाच हवं होतं. साठी उलटलेला माणूस, मागंपुढं कोणी नाही. तान्हा होता तेव्हा वडशाच्या बाजारात कोलू गोंडाला सापडला. कोलूनं पोटच्या पोरासारखा वाढवला. विशीत सोमारीवर जीव जडला. गोंडांत सोयरीक देव मोजून होते. दोघांच्या घरचे देव सारखेच भरले, तर ती भाऊबहीण. सोमारीचे सहा. वारलूनं मनाशी म्हटलं, सापडलेल्या पोराला कुठले आले देव? आडकाठीच नाही! छाती काढून गेला मागणी घालायला.

"तुले पोरगी देता येत नाई," सोमारीचा बाप म्हणाला आणि आत निघून गेला.

बस्स, एवढंच. परका म्हणून हाकललं, अशी खूणगाठ वारलूनं तिथंच बांधली. नाल्याकाठी एकट्यानं झोपडी घातली. लग्न केलं नाही. दरवर्षी देवाची पूजा व्हायची, तेव्हा सगळे देवाच्या कुंपणाच्या आत आणि हा आपणहून बाहेर, मोहाच्या झाडाखाली. कोणीतरी येऊन त्याच्या हातात देवाच्या बोकडाच्या मटणाचा द्रोण ठेवायचं. वारलू मुकाट्यानं घ्यायचा. एकट्याला घातलेली भीक, दुसरं काय!

"तुमचं रक्त या गावाशी जुळते," दिव्यानी सांगत होती. "पार तिकडल्या सिरोंच्याच्या लोकांशी जुळते, माझ्याशीबी जुळते. सारे मिसळलेलेच आहो आपण, आबाजी. कोण गोंड अन् कोण नाई, ते रक्तात लिहून नसते."

वारलूचं तोंड एवढंसं झालं. पलीकडं सोमारी बसली होती, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. "एवढं काय जिवाले लावून घेतलं रे?" तिनं विचारलं.

मग मात्र त्याला राहवलं नाही. "तुह्या बापानं परका म्हणूनच नाई म्हटलं ना मले?"

सोमारी बघतच राहिली. "परका? कोलूबाचे देव किती?"

"सहा."

"मंग? तुले आणलं त्याच दिवशी पुजाऱ्यानं तुले त्याच देवापुढं ठेवलं. सारं गाव हजर होतं. भावाले बहीण कोण देते, वारलू? हे का सांगाची गोष्ट होती? मीबी लय रडली होती तवा. अन् तो पूजेचा द्रोण? सहा देववाल्यांशिवाय तो कोणाले भेटत नाई."

वारलू उठला आणि नाल्याकडं चालू लागला. झोपडीच्या दारात त्याचं म्हातारं कुत्रं शेपूट हलवत उभं होतं. त्याच्याकडं बघायची वारलूला हिंमत होईना. चाळीस वर्षांत आलेला एकेक द्रोण त्यानं दारच्या ज्या-त्या कुत्र्यापुढं टाकला होता.